फील्डबुकात खोडरबर चालत नाही

डिसेंबरात भेटलो आम्ही, फोंड्याला,
छत्तीस जणांतले एकवीस.
कार्यालयाच्या मागच्या खोलीत पंखा डुगडुगत होता
आणि पहिली पाच मिनिटं सगळे
पंख्याच्या हुकाबद्दलच बोलले.

मग सुलक्षानं यादी काढली.
नावांपुढे फोन नंबर,
आणि सात नावांवर आडवी रेघ.

प्रियोळकर सर असते तर
चष्मा कपाळावर सारून म्हणाले असते,
एकच रेघ आहे ना? खालचं वाचता येतंय? मग ठीक.

फर्मागुडीच्या उतारावर, काजूच्या झाडाखाली,
पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे खोडरबर
बिस्किटाच्या डब्यात गोळा केले होते.
आकडा चुकला तर एक रेघ, वर नवा आकडा.
चुकलेलाही दिसला पाहिजे.
‘तुमी थंय उबे आशिल्ले, तें कळूंक जाय.’

आमच्या गटात पाच जण.
थिओडोलाइटवर कायतान.
त्याला डावा डोळा मिटता येत नसे, हातानं झाकायचा.
मस्कतला गेला, आणि तिथं
स्वतःच आखलेल्या रस्त्याच्या कडेला
गाडी थांबवून बसला तो बसलाच.

स्टाफ धरायचा गुणाजी. सरळ धरता येत नसे.
‘गुणाजी, देवळातला खांब पाहिलास का कधी?’
सर टेकडीच्या त्या टोकावरून ओरडायचे.
शेवटच्या महिन्यात, बांबोळीच्या वॉर्डात,
आम्हीच त्याला दोन्हीकडून धरून
उभा करत होतो.

साखळी ओढायचा नझीर, आणि होताही साखळीचाच,
त्यावर रोज एक विनोद.
त्याचं काय झालं, नीट कुणालाच माहीत नाही.
रेघ मारू की नको, सुलक्षा विचारत होती.
ती छत्री धरायची. आमच्यावर नव्हे, यंत्रावर.
मी वही लिहायचो.

त्या जुलैत मांडवीवरचा पूल पडला.
सरांनी वर्ग घेतला नाही,
बसमधून पणजीला नेऊन काठावर उभं केलं.
कुणीतरी, बहुधा मीच, हसून काही बोललो.
म्हणाले, ज्यानं हा काढला
त्याच्याही खिशात पेन्सिल होती.
एवढंच. मग सगळ्यांना भाजीपाव, स्वतःच्या पैशानं.

टेकडीला वळसा घालून निघाल्या जागी परतलो
की हिशेब कधी जुळायचा नाही.
वीतभर राहायचं, कधी हातभर.
कायतान म्हणे, फिरव दोन आकडे, कोण बघतंय.
सर बघायचे.
‘चूक लिपोवची न्हय. वांटून घेवची.’
ज्याची बाजू लांब, त्याच्या वाट्याला जास्त.

ते गेले चवथीच्या आदल्या रात्री.
माटोळी बांधताना स्पिरिट लेव्हल मागवली होती,
त्यांची सून सांगते.
बुडबुडा मधे आल्यावर म्हणाले, आता बांधा,
आणि हात धुवायला आत गेले.

जेवणं झाली. हुमण तिखट होतं,
त्याचा सगळ्यांना उपयोग झाला.
निघताना सुलक्षानं यादी माझ्या हातात दिली.
तूच लिहायचास ना?

मी एकटाच वर गेलो.
काजू नाही, तिथं स्कूटर लावतात.
दगड आहे. शेवाळ खरवडलं तर
सरांनी कोरून घेतलेला बाण आहे.
गेटपासून तिथवर पावलं मोजायला लावायचे ते,
यंत्राला हात लावण्याआधी.
तेव्हा माझी एकशे बारा भरली होती.
आज एकशे एकतीस.

यादीच्या पाठीमागे मी एकशे बारा लिहिलं,
त्यावर एक रेघ ओढली,
वर एकशे एकतीस.
खालचं वाचता येतं.