द्रव, नाजूक, नाशवंत

मार्चमध्ये शालनला नारळ मिळाला.
ह्यूस्टनच्या त्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं
आणि निरोपाची मीटिंग अकरा मिनिटांची.
फोनवर रडली-बिडली नाही. म्हणाली,
"तुझ्याकडे सॅक आहे का गं? नसली तर घे.
जिथे नारळ झाडाला लागतात तिथे जाऊ."

तर अशा आम्ही हवाईत, साठीला टेकलेल्या.
एक तंबू, एक स्टोव्ह,
गुडघे चार, त्यातले दोन बरे.

माउईहून मोलोकाईला जायचं विमान म्हणजे
आपलं वडापच. सीटा नऊ,
सॅका चढवणारा पोरगा तोच पायलट.
आधी काट्यावर उभं केलं, सामानासकट,
सांगलीच्या यार्डात गुळाच्या ढेपा चढवतात तसं.
आकडा मोठ्यांदा वाचला नाही, ही त्याची माया.
मग वजनं बघून जागा दिल्या :
मला पुढे, त्याच्या खांद्याशी,
शालनला पार शेपटाकडे.
पंचवीस मिनिटं मी मान वळवून बघत होते
आणि ती खाली, समुद्राकडे.

त्याच रात्री मी बोलू नये ते बोलले.
तंबूचा खिळा ठोकता ठोकता, सहज,
"बरंच झालं. सुटलीस एकदाची."
तिने भात उतरवला. दोन ताटल्या केल्या.
लोणच्याची पुडी माझ्याकडे सरकवली
आणि दीड दिवस गप्प.
पश्चिमेच्या त्या लांबलचक वाळूवर
ती पुढे, मी मागे,
तिच्या पावलांत पाऊल टाकत,
कारण तेवढीच वाळू दबलेली होती.
कुठे शिंपला दिसला तर ती थांबे,
उचलत नसे,
मी तो बघेपर्यंत थांबे, एवढंच.

दुसऱ्या दुपारी रस्त्यालगत पोस्ट लागलं.
खोली एक, पंखा एक,
कोपऱ्यात क्रेटभर नारळ, सोडणासकट,
आणि डब्यात रंगीत मार्कर.
इथून म्हणे अख्खा नारळच पाठवतात लोक,
खोका नाही, कागद नाही,
पत्ता थेट सालीवर.
शालनने वाकून, वाजवून, निवडून एक घेतला
(आईबरोबर मंडईत गेलेली मुलगी ती)
आणि दीड दिवसाने तोंड उघडलं :
"ग्रेगला पाठवते. त्याचा त्याला परत."

ग्रेग हॅलोरन, इतकं लिहून झालं,
हिरव्या अक्षरांत, खालचा रस्ता आणि नंबरही.
मग काउंटरवरच्या बाईने चष्म्यावरून
रोजचा प्रश्न विचारला :
आत काही द्रव आहे का?
नाजूक? नाशवंत?

शालनने नारळ कानाशी नेऊन हलवला.
पंख्याच्या आवाजात पाणी वाजलं.
माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली,
"हिला काय सांगू? तिन्ही."

हसलो आम्ही. आधी मी, मग ती,
मग ती जरा जास्तच वेळ.
बाईने टिश्यूचा डबा पुढे केला आणि
स्टॅम्पांचा हिशेब करत राहिली,
घाई न करता.
मागे रांगेत एक म्हातारा होता, विजेचं बिल घेऊन,
तो उगीच भिंतीवरचा नकाशा वाचू लागला.

ग्रेग पुसला गेला नाही. मार्कर पक्का होता.
शालनने नारळ फिरवला, पाठीमागच्या बाजूला
स्वतःचं नाव घातलं, पूर्ण, माहेरच्या आडनावाने,
घराचा नंबर, ह्यूस्टन, टेक्सस.
"एक बाजू त्याची असू दे," म्हणाली,
"पोस्टमनला काय कळायचं ते कळेल."

पुढे हिलोला गेलो. लाव्हाच्या काळ्या दगडांवर
माझा बरा गुडघाही गेला.
मी "सुटलीस"बद्दल माफी मागितली नाही,
तिनेही मागायला लावली नाही.
तेवढं राहिलंच.

जुलैत तिचा फोन आला. पोचला म्हणाली.
तोवर तपकिरी झालेला, एका अंगाला चेपलेला,
ग्रेग अजून हिरवाच.
फोडणार नाही इतक्यात.
मग रिसीव्हरपाशी धरून हलवला असावा,
"ऐक. अजून आहे का गं पाणी?
मला नीट कळेना."

लाइनवर नुसती खरखर होती.
मी कान दाबून धरला,
आणि म्हटलं,
थांब, पुन्हा एकदा हलव.