पाणसळ

भांडुपला, गाळा नंबर एकोणीस.
रविवारी तीन वाजता रिव्हका नवगावकर शटर उघडते,
ते छातीपर्यंतच वर जातं.
वाकून या, म्हणते, हे अडकलेलं शटर
पुढच्या महिन्यात तुम्हीच सोडवणार आहात.
आम्ही पदर-ओढण्या सावरत वाकतो.
जुलेखा वाकत नाही.
तिची चाकाची खुर्ची सरळ आत जाते,
आतून वळून म्हणते,
या ना, लाजता काय.

ओढण्या खुंटीला, पदर खोचलेला, बांगड्या डब्यात.
बांगड्यांपाशी मी थांबले.
रिव्हका काही बोलली नाही,
तिनं डावा हात पुढे केला फक्त.
करंगळीचं अर्धं पेर नाही.
गोदीतली एकतीस वर्षं, म्हणाली, आणि एक अंगठी.
मी डबा उघडला.

हजेरीवहीत नाव आणि वय, एवढंच.
तिसरा रकाना पट्टी लावून खोडलेला.
मंजिरीनं तो खोडलेला रकाना दोनदा बघितला,
मग भरदार आवाजात
सगळ्यात मोठं ड्रिल मागितलं.

पहिला धडा हातोडीचा असेल, वाटलं होतं.
पण टेबल जुलेखाच्या हनुवटीशी येत होतं,
म्हणून पहिला धडा टेबलाचे पाय कापण्याचा.
पेन्सिलीची रेघ करवतीच्या कुठल्या अंगाला ठेवायची
यावर अर्धा तास.
चार बायका, चार पाय, चार रेघा.
टेबल डुगडुगलं.
एक पाय आणखी कापला. डुगडुगलं.
मग दुसरा.
जुलेखा म्हणाली, बास, नाहीतर पाट होईल त्याचा.

त्या हसण्यातच
रिव्हकानं माझ्या हातात पाणसळ दिली.
शिसवी पट्टी, पितळेची कड,
नळीत पिवळट पाणी, पाण्यात एक बुडबुडा.
बुडबुडा खोटं बोलत नाही वगैरे
ती काही म्हणाली नाही.
म्हणाली, पाडू नका, वडिलांची आहे.
घरी न्यायची तर न्या.
रविवारी परत हवी.

घरी, कांजूरच्या दोन खोल्यांत,
ओट्याच्या वर एक फळी आहे.
ह्यांनी ठोकलेली, बावीस वर्षांपूर्वी,
आल्यागेल्याला दाखवलेली.
त्या फळीवरचे डबे डावीकडे सरकतात.
तूरडाळीचा तीनदा पडला.
तीनदा ऐकलं, साधा डबा नीट ठेवता येत नाही.
पुढे पुढे मीच म्हणू लागले, मनात.
पोळी करपली, बस चुकली, बँकेत सही हलली,
की तेच,
साधा डबा.

फळीवर पाणसळ ठेवली.
बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन बसला.
उलटी करून ठेवली, शिकवलं होतं तसं.
पुन्हा उजवीकडे.
मी खाली बसले, ओट्याला टेकून.
कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या,
पाचवी झाली.

मग डबे उतरवले.
गंजलेल्या बोल्टांना खोबरेल लावलं, वाट बघितली.
पहिला पकडीनंच सुटला
आणि भिंतीतून आगपेटीच्या काड्या गळल्या,
प्लगच्या जागी कोंबलेल्या, गुलासकट.
हसू आलं. मग संताप.
मग तेव्हाचे हे आठवले, सत्तावीस वर्षांचे,
ड्रिल भाड्यानं आणायला पैसे नसलेले,
कुणाला विचारायला लाजणारे.
संताप तरी थोडा राहिलाच.

हे दारात उभे.
काय चाललंय?
बारा-तेराचा पाना द्या जरा, म्हटलं.
त्यांनी ती पेटी उघडली
जिला हात लावायची मला मनाई होती,
आणि एक पाना पुढे केला.

हा चौदा-पंधरा.

ते पुन्हा पेटीत वाकले,
खिशात चष्मा चाचपत.