ढोल वजा केल्यावर

डिचोलीच्या बाजारात, मासळीकडच्या वळणावर
माझं फ्रेमांचं दुकान.
शांतादुर्गा, लग्नं, वारलेले बाप,
दहावीत पहिली आलेली पोर,
एवढंच येतं माझ्याकडे चौकटीत बसायला.

शुक्रवारी लिगोरियो मास्तर आले, घामाघूम,
काखेत सुरनळी, टॉवेलात गुंडाळलेली, तान्ह्या पोरासारखी.
माझ्या पाटीवर लिहिलं:
स्पेनचा एक म्हातारा. तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडनं खाल्लेल्या रेघा.
हे मूळ नव्हे, छापाचा छाप.
मग खडू जरा थांबला.
तोही बहिरा होता.

मी चौदा वर्षं खाणीवर, क्रशरच्या कुशीत.
कान तिथंच राहिले, लाल मातीत.
भरपाई मागितली तर साहेब म्हणाला,
ऐकू येत नाही याला पुरावा काय?
(हे मी त्याच्या ओठांवरून वाचलं.)

दुपारी शटर अर्धं ओढून एकेक चित्र मांडलं.
वटवाघळाचे पंख बांधून उडणारी माणसं,
वर अंधार, खाली अंधार, निघालीत कुठं कोण जाणे.
वाळक्या फांदीवर ओळीनं बसलेला गोतावळा.
गळ्यापर्यंत गोणपाटात शिवलेले सभ्य लोक.
घोडा, दातांत बाई धरून;
तिचा चेहरा भ्यालेला की सुखावलेला,
काच ठेवून पाहिली तरी ठरेना.
आणि एक राक्षस, नाचणारा, दात काढून.
आमचा देवचार असाच असणार,
फक्त खांद्यावर घोंगडी हवी, पायाशी रोट नि विडी.

शेवंता चहा घेऊन आली. तिनं पाहिलं.
ओठ हलले: वेड लागलेलं का मेल्याला?

शेवंता, शिगम्यात घोडेमोडणी निघते
तेव्हा तुला ढोल असतो, ताशा असतो, कासाळं असतं.
मला दिसतात
कमरेला लाकडी घोडे अडकवलेले
पोस्टमन, दूधवाला, पंचायतीचा क्लार्क,
तलवारी उपसून उड्या मारणारे,
शत्रू कुठंच नाही.
ग्रामसभेत तोंडं उघडतात, मिटतात,
टोपलीतल्या काळुंदरांसारखी.
मांडवीत जहाज उभं, दिव्यांनी पेटलेलं, कुठंही न जाणारं,
लोक रांग लावून चढतात.
खाणीवर दोनशे ट्रक, चाकांतून वर आलेल्या वेली.
तुझ्या बहिणीच्या लग्नात
माझ्यासाठी बँड नव्हता,
नुसते फुगलेले गाल.

आवाज हा गोंद आहे गं.
तो सुटला की सगळं असं लोंबतं.
त्या म्हाताऱ्यानं मनाचं काही घातलं नाही.
बसला, पाहिलं.

यातलं एक अक्षर बोललो नाही.
माझा आवाज किती मोठा निघतो मला कळत नाही,
म्हणून चहा प्यालो.

सागवानी पट्टी कापली.
हजारदा कापलेला कोन
घोड्याच्या चित्राला मात्र जुळेना,
कोपऱ्यात केसभर फट राहिली.
मास्तरांना दिसेल. दिसू दे.

तिन्हीसांजेला काच पुसताना
बोटांना थरथर लागली.
बाहेर ढोल निघाले असणार,
नाहीतर एखादा ट्रक.
काचेखाली राक्षस नाचतच होता.
कुणाच्या तालावर, ते मी दाराबाहेर जाऊन पाहिलं नाही.