कल्ला

रात्री पावणेबाराला रुवीच्या ऑफिसात
एसीचं पाणी बादलीत टपकतंय, आणि मी
मत्रह बंदरावरच्या झाहिर बलुशीच्या मासळीला
साचा शिवते आहे.

आज सकाळी त्याने चारशे गिऱ्हाइकांना लिंक पाठवली.
फोनाफोनावर कार्ड उगवलं:
चित्राच्या जागी राखाडी चौकोन,
नावाच्या जागी अनडिफाइन्ड,
भाव २.५.
दुपारपर्यंत तिघांनी विचारलं म्हणे,
हा अनडिफाइन्ड नवीन मासा आहे का,
काटे फार असतात का त्याला.
झाहिर हसला नाही.
मीही नाही, त्याच्यासमोर.

तर लिहिते.
शीर्षक: स्ट्रिंग. रिकामं चालणार नाही,
साठ अक्षरांत मावलं पाहिजे.
चित्र: पत्ता हवा, पूर्ण हवा,
अर्ध्या वाटेवर सोडून देणारा नको.
भाषा: अरबी किंवा इंग्रजी,
तिसरी आली तर दारातूनच परत.
माझी तिसरी. असो.
मासा: यादीतलाच, कनाद, झुबैदी.
बोटं कनाद टंकतात, जीभ आतल्या आत सुरमई म्हणते,
झुबैदीला सरंगा.
वर्णन, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह,
म्हणजे असलं तर असो, नसलं तर अडत नाही.

अडलं ते भावाशी.
आकडा म्हणून घेतला तर यंत्र शहाणपणा करतं,
२.५०० मधली शेवटची दोन शून्यं
फालतू समजून झटकून टाकतं.
इथे रियालाचे हजार बैसे.
तिन्ही घरं भरलेली नसली
तर म्हातारी गिऱ्हाइकं विचारतात, बाकीचा भाव कुठाय.
असंच मी इथे आले तेव्हा कंपनीच्या फॉर्मने
घरच्या नंबरातलं पहिलं शून्य गिळलं,
०२३५८ चं २३५८ झालं,
आणि मी सुखरूप पोचल्याचं बाबांना
दोन दिवस कळलं नाही.
भाव स्ट्रिंगच ठेवला.
तीन घरं सक्तीची.

माझ्या रेसिडेंट कार्डावर
व्यवसायाच्या खान्यात लिहिलंय: शिवणकाम पर्यवेक्षक.
व्हिसा त्याच नावाचा शिल्लक होता तेव्हा.
मला सुईत दोरा ओवता येत नाही.
पण स्ट्रिंग आहे, रिकामी नाही,
साठ अक्षरांच्या आत आहे.
विमानतळावर दर वेळी पास होते.

हर्णैच्या लिलावात द्वारकाआत्या
टोपलीवरचं बोलणं ऐकूनच घेत नसे.
आजचीच हाय, आयेची आन, असं कुणी म्हणेपर्यंत
तिचं बोट आत गेलेलं असायचं.
कल्ला लाल, तर पुढची बोली.
तपकिरी, तर टोपली परत,
समोर सख्खा दीर असला तरी.
'नाव मागनं सांग. आधी कल्ला दाव.'

माझ्या साच्याला बोट नाही.
तो कप्पे मोजतो,
शिळ्या माशावर तारीख नीट लिहिली असली
की मान डोलावतो.
हे झाहिरला कसं सांगावं,
आणि सांगितलं तर बिल कितीचं लावावं,
ते अजून ठरलेलं नाही.

एक वाजता सगळ्या चाचण्या हिरव्या.
लिंक आधी स्वतःलाच पाठवली.
कार्ड उगवलं:
बर्फावर आडवी सुरमई, शेपटी चौकटीबाहेर,
वर ऑफरची लाल पट्टी,
कनाद, ताजा, २.५०० रियाल,
दोन्ही शून्यं जागच्या जागी.
झाहिर जागाच होता, त्याने अंगठा पाठवला.
मी तीच लिंक हर्णैला पाठवली,
मिरवायला, खोटं कशाला बोलू.

पहाटे आत्याचा आवाज आला,
अकरा सेकंद, त्यातले चार नुसता समुद्र.
'मासा बरा दिसतोय गो.
पन त्या पट्टीनं कल्ला कशाला झाकलाय?'