दिसू नयेत, पण लागाव्यात

दिवसभर मी द्राक्षं जोखते.
मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये, डोक्याला जाळीची टोपी,
पाचशे ग्रॅमचा डबा.
मणी जास्त झाला तर कात्रीनं काढायचा,
कमी पडला तर तसलाच शोधायचा.
काटा माझ्याशी कधी खोटं बोलला नाही.

आणि घरी, म्हसरूळला,
दारात आडवी पसरलेली खारीक.

खारीक म्हणजे आमची कुत्री.
आणली तेव्हा सुकलेली, सुरकुतलेली, एवढीशी,
म्हणून हे नाव.
आता गल्लीतली पोरं तिला खजुराचं पोतं म्हणतात.
तीन पायऱ्या चढते, चौथीवर बसते
आणि माझ्याकडे बघते,
जणू जिना मीच बांधला.

दवाखान्यात ती काट्यावर चढेना.
मग मी तिला कडेवर घेऊन उभी राहिले,
मग एकटी उभी राहिले,
वजाबाकी कंपाउंडरनं मोठ्यानं केली.
दोघींची अब्रू एका कागदावर.
एकवीस किलो. हवी पंधरा.

बोरस्ते डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.
माझा हात धरून तिच्या कुशीवर फिरवला :
"बरगड्या दिसू नयेत, पण लागाव्यात.
लागतात?"
मी चाचपत राहिले,
गादीत हरवलेली सुई शोधावी तशी.

"घालता किती?"
सकाळी एक वाटी, रात्री एक वाटी.
"कुठली वाटी?"
इथं माझं तोंड मिटलं.
आमच्या घरात वाट्या पाच तऱ्हेच्या,
त्यातली एक तर जवळजवळ पातेलंच.

"आणि द्राक्ष एकही नको. बेदाणा नको. कांदा तर नकोच."
मला हसू आलं.
आपल्या जिल्ह्यात जे पिकतं
तेच नेमकं हिला विष.

घरी येऊन हिशेब मांडला.
प्राजू पोळीचा पापुद्रा टेबलाखाली सोडते.
पगारेकाकू रविवारी भिंतीवरून हाड.
मी, पातेल्याला लागलेला भात,
अन्न टाकवत नाही म्हणून.
आणि नाना, माझे सासरे,
चहात बुडवलेली खारी, दिवसातून चारदा.

नाना, हे बंद.
नानांनी बशी खाली ठेवली.
"माझी साखर बंद केलीस, मी बोललो नाही.
गुळाचा डबा वर ठेवलास, बोललो नाही.
भाकरी मोजून, भात मोजून.
खारी मी खातो का? मी फक्त वास घेतो.
खाते ती.
आता तेवढंही मोजणार?"

रात्रभर माझ्या डोक्यात काटा हलत राहिला,
शून्यावर येईना.

सकाळी पॅकहाऊसचा रिकामा डबा धुतला,
तिचं खाणं त्यात एकशेऐंशी ग्रॅम भरलं
आणि नानांच्या हातात दिलं.
हे तिचं आजचं सगळं.
केव्हा द्यायचं, किती वेळा, तुमची मर्जी.
डबा संपला की दिवस संपला.

नाना एकेक दाणा देतात,
सोन्याचा असल्यासारखा.
दिवसाला चाळीसदा तरी हाक मारतात.
संध्याकाळी दोघं चामरलेण्याच्या पायथ्यापर्यंत जातात,
वाटेत थांबतात,
कोण कोणासाठी थांबलं ते दोघंही सांगत नाहीत.
पगारेकाकू अजून हाड टाकतात, मला माहीत आहे.
सोमवारी डबा मी जरा उणा भरते.

तिसऱ्या महिन्यात साडेअठरा.
काल रात्री तिच्या कुशीवर हात ठेवला :
एक लागली.
मग दुसरी.
तिसरी लागली की मला तसं वाटलं, कोण जाणे.
ती झोपेत पाय हलवत होती,
कुठंतरी पळत असणार.

शेजारच्या खाटेवर नाना,
उकाड्यानं सदरा काढलेला,
दिव्याच्या तिरप्या उजेडात बरगड्या
एक, दोन, तीन, चार,
हात न लावता मोजता येतील इतक्या.

उद्या बोरस्तेबाईंना नाही,
नानांच्या डॉक्टरांना विचारायचं आहे.
तोवर सकाळी अर्धी भाकरी जास्त थापीन,
काटा फळीवरच राहू दे.