वांग्यावर काकवी

रात्री साडेअकराला उशीखाली फोन थरथरतो.
सावद्यात लाइट गेलेली, मी गच्चीत बाजेवर;
कुंदा कादिसच्या धक्क्यावर, आणि तिकडे अजून ऊन.
पहिला फोटो: भिंत, भिंतीखाली समुद्र.
दुसरा: तीच भिंत, पुढे कुंदा,
डोक्यावर माझी लिलावातली टोपी.
‘हे गाव तीन हजार वर्षांचं आहे म्हणे.’
मी विचारतो, चप्पल चावते का अजून?

मला तापीच्या पुलावरसुद्धा गरगरतं,
म्हणून माझ्या तिकिटावर तिची बहीण गेली, नलू.
तीस वर्षं मी केळीच्या काट्यावर बसलो.
कंटेनरचं दार लागलं की सील, शिक्का, सही.
बंदर म्हणजे पावतीवरचा चौथा रकाना,
त्याला वास नव्हता.

मालागाहून किल्ला आलाच नाही, थेट ताट आलं.
‘वांग्याचे तळलेले काप. वरून काय ओतलंय, ओळखा.’
तूप? नाही. मध?
‘काकवी! उसाची! माय वं, वांग्यावर काकवी!’
वाढणारा त्याला बेरेनखेना म्हणतो.
नलूनं गाइडला खोदून खोदून विचारलं:
शब्द मुळात आपल्याकडचाच,
इराणातून, अरबांच्या तोंडून तिथवर गेलेला,
मुक्कामागणिक अक्षरं सांडत, नवी भरत.
म्हणजे माल एकच,
वाटेत ज्यानं त्यानं आपली पावती फाडली.

सकाळी पऱ्हाट्यांवर बामणोदची दोन वांगी भाजली.
मिरची, लसूण, बडजीत ठेचलं.
आणि ताटाच्या एका कोपऱ्यात,
कुणी बघत नाही असं पाहून,
चमचाभर काकवी.
वाईट नाही.
बरं आहे, असं मात्र आमच्याकडचा माणूस कबूल करणार नाही.
शेजारचे टोपलू भिरूड भाकरी घेऊन आलेच,
त्यांना त्या कोपऱ्यापासून लांब बसवलं.

शेवटचं बंदर कार्ताहेना.
रोमन नाटकघराचे सतरा फोटो, सगळे नलूचे.
कुंदाचा एकच, बोटीच्या कठड्यावरून, तिरका:
धक्क्यावर रचलेले कंटेनर.
‘यात तुमचा कुठला?’
आमचा माल तिकडे जात नाही, दुबईला जातो,
हे तिला पक्कं ठाऊक आहे.
तरी मी चष्मा लावला, फोटो ताणला,
निळ्या दारावरची चार अक्षरं, सात आकडे
एकेक करून वाचले
आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत उतरवून ठेवले.