साका आणि निवळ

बाहेर त्रेचाळीस.
केगावच्या रस्त्यावर डांबर चपलेला धरून ठेवतंय.
आत, बिराजदार मामांनी गोणपाटात गुंडाळून आणलेला बर्फ
घालून घालून
टबातलं पाणी मी कसंबसं पंचवीसवर टेकवलंय.
त्यात चंचुपात्र, पात्रात विरघळलेलं पीव्हीए.
सायझिंगवाले ताण्याला खळ देतात, तेच.
पोत्यावर रेणुभाराचा एकच आकडा छापलेला असतो,
तो सरासरीचा.
नेमका त्या आकड्याचा रेणू
आत एखादा असेल, नसेल.

ब्युरेटमधून ॲसिटोन. थेंब.
थांब.
थेंब.
बाटलीचं बूच विसरलं की इथल्या हवेत ते उडतं
आणि माझी वही खोटी पडते.
बराच वेळ काहीच होत नाही.
मग एका थेंबाला, ज्याच्यात वेगळं काही नव्हतं,
भांडं तांदळाच्या धुवणासारखं होतं.
मी लगेच विश्वास ठेवत नाही.
जराशी ऊब देते, पुन्हा नितळ होऊ देते,
आणि रात्रभर निवत ठेवते.

सकाळी तळाशी साका.
लांब साखळ्या आधी बसतात.
आखूड रेणू कसल्याही पाण्यात भागवून नेतो.
लांबाच्या मात्र कडीकडीला
चिमूटभर नावड साचते,
आणि हजार कड्यांची बेरीज
त्याला खाली आणते.
निवळ ओतून घेतली. परत ॲसिटोन, आता जास्त.
दुसरा साका. तिसरा.
दोनदा लाईट गेली, आठवडा गेला.

नान्नाने अक्कलकोट रोडला
खळीच्या टाकीवर एकतीस वर्षं काढली.
पाचही साके वाळवून, सारख्या मापाने पाण्यात विरघळवून
मी घरी नेले, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून.
जेवण झाल्यावर त्याने चिमटीत थेंब घेतला,
बोटं उघडली, तार कुठे तुटते ते दिव्याकडे धरून पाहिलं,
तेलुगूत स्वतःशीच काही बोलला
आणि बाटल्या ओळीने मांडल्या.
एक, दोन, तीन बरोबर.
चार-पाचपाशी अडला.
"ही दोन्ही एका आईची," म्हणाला.
व्हिस्कोमीटरवर त्या दोघांत
अर्ध्या सेकंदाचा फरक येतो,
आणि तेवढा उशीर तर
स्टॉपवॉचवरचा माझा अंगठाच करतो.

"मग आम्ही ताण्याला इतकी वर्षं काय पाजत होतो?"
"सगळंच, नान्ना. लांब, आखूड, मधलं."
"तरी सूत टिकत होतं."
यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

शेवटची निवळ कितीही ॲसिटोन घातलं तरी
धुरकटत नाही.
रिकामं समजून मामा ती सिंककडे घेऊन निघाले होते.
राहू द्या, म्हटलं.
ज्यांना कशानेच खाली बसवता येत नाही
ते आहेत त्यात.
उथळ बशीत ओतून खिडकीत ठेवलीय,
हे ऊन एकदाचं कामाला लागू दे.
उद्या दुपारी
बशीच्या काठाला नखाने खरवडून बघेन.